टोनी नामांकनांतील विलक्षण योग

रत्नागिरी : आमच्या नाट्यमंडळाच्या तालमीत विषय निघाला, म्हणून विचारतो. अमेरिकेतील ब्रॉडवे रंगभूमीसाठी दिल्या जाणाऱ्या टोनी पुरस्कारांच्या नामांकनांत आश्चर्य वाटावे असे काय घडले आहे?

कुडाळ : १९६० साली ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेतील सातही मुलांना मिळून एकच नामांकन मिळाले आणि तेही सहायक अभिनेत्रीच्या गटात, जरी त्यांत दोन मुलगे होते. पुरुषांनीच स्त्रीभूमिका साकारायच्या, अशा दशावतारावर वाढलेल्या मला ही नोंद फार जवळची वाटते.

गुहागर : २०११ मध्ये ‘द स्कॉट्सबरो बॉइज’ या संगीतिकेला १२ नामांकने मिळाली, पुरस्कार एकही नाही.

मालवण : महासाथीमुळे नाट्यगृहे बंद पडलेल्या २०२० च्या हंगामात संगीतिकेतील प्रमुख अभिनेत्याच्या गटात ॲरन ट्वेट एकटेच नामांकित होते, तरीही पुरस्कारासाठी त्यांना मतदारांचा होकार मिळवावाच लागला.