वाचनालयातली पुस्तकं लोकांपर्यंत पोचवायची जबाबदारी नक्की कोणाची?

पडाव
वेंगुर्ल्याकडच्या एका वाचनालयाचा सभासद आहे, नाव घेत नाही. पुस्तकं चिक्कार, पण सगळी काचेच्या कपाटात, कपाटांना कुलूप, आणि मधे टेबल. पुस्तकाचं नाव सांगायचं मग काढून देणार. आता नावच माहीत नसेल तर माणूस मागणार काय? परवा मासेमारीवरचं एक जुनं पुस्तक मुद्दाम शोधून काढायला लावलं, तर मागच्या पानावरच्या तारखांच्या स्लिपवर २००६ नंतर शिक्काच नाही. पुस्तक एकदम सुस्थितीत, विषय आपल्या दारातला, आणि बंदरावर विचारलं तर हे पुस्तक इथे आहे हेच कोणाला ठाऊक नाही. माझं म्हणणं एवढंच की पुस्तकं सांभाळणं हे अर्धंच काम झालं, ती वाचकापुढे नेऊन ठेवायलाच हवीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यातला तिसरा हाच आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः रॅकपाशी जाऊन पुस्तक निवडायचं, ती हवी हेही त्यांनीच सांगितलंय. नवीन पुस्तकांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, दाराशी टेबल मांडा, महिन्याला विषय बदला. पैसे लागत नाहीत याला.

सुरंगी
"पैसे लागत नाहीत" वाचलं आणि राहवलं नाही. मी ग्रंथपाल आहे, लहान वाचनालयात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं ते अ ब क ड अशा वर्गाप्रमाणे, आम्ही खालच्या वर्गात, त्यातच पगार, पेपरची बिलं, लाईट, पुस्तकखरेदी सगळं बसवायचं. माणूस मी एकटी. देवघेव, दाखल नोंदवही, वर्गणीच्या पावत्या, फाटलेल्या पुस्तकांना डिंक लावणं हे सगळं करून मी फोटो कधी काढू?

आणि कुलूप हौस म्हणून नाही लावत हो. जून ते सप्टेंबर इथली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, हवेतला ओलावा ७० टक्क्यांच्या वर राहिला की पुठ्ठ्यावर बुरशी आलीच, शिवणीत कसर, भिंतीला टेकलेल्या रॅकला वाळवी. मी ऑगस्टमध्ये एकेक पुस्तक काढून कोरड्या फडक्याने पुसते, पानं पंख्याखाली उलगडून ठेवते, तेव्हा कुठे ती पुढच्या वर्षी वाचायला शिल्लक राहतात. उघड्या रॅकवर ठेवलेलं आधी बघा, मग मुक्तद्वाराचं बोला.

पडाव
ताई, तुमच्या कष्टांबद्दल वाद नाही. पण बंद कपाटात हवा खेळत नाही, ओल आत कोंडते, मग बुरशी कपाटातही येतेच ना? जे पुस्तक हातोहात फिरतं त्याची पानं आपसूक उघडतात. सगळी कपाटं उघडा म्हणत नाही, एक टेबल म्हणतोय, तेही पावसाळा सोडून.

बांगडो
माका काय पटला नाय ह्या. टेबल मांडलास तरी येतला कोण? सकाळी पेन्शनर पेपर वाचूक येतत, दुपारी पोरा स्पर्धा परीक्षेचो अभ्यास करूक बसतत, ती पोरा स्वतःची पुस्तका घेवन येतत, वाचनालयाच्या कपाटाकडे बघनत पण नाय. लोकांका नको आसा ता तुम्ही जाहिरात करून कशाक गळ्यात घालतास?

आंबोळी
बांगडो, नको आहे असं नाही, दिसत नाही. आमच्याकडे (दापोली बाजूला) एक गोष्ट पाहिली, परत आलेली पुस्तकं लगेच कपाटात न लावता दिवसभर काउंटरवर आडवी ठेवतात, आणि निम्मे लोक तिथूनच उचलतात, कारण दुसऱ्याने वाचलेलं म्हणजे बरं असणार असं वाटतं. वेगळं काम शून्य. अभ्यासाला येणाऱ्या पोरांच्या टेबलाशेजारी कोकणच्या इतिहासाची, भूगोलाची चार पुस्तकं ठेवा, बघतील की.

आणि आपल्याच भागातले लेखक घ्या. खांडेकर शिरोड्याला शिक्षक होते, पाडगावकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा, दळवी आरवलीचे. एका तालुक्यात एवढी माणसं, आणि तिथल्या वाचनालयात "आपल्या तालुक्यातले लेखक" असा एक कप्पा वेगळा नसावा? २७ फेब्रुवारीला हार घालून फोटो काढतात, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून पोरांना रांगेत बसवतात, दुसऱ्या दिवशी कुलूप परत. याचा मला खरंच राग येतो.

चौपाटी_ते_चाळ
मी मुंबईत असतो, गणपतीत आणि मे महिन्यात येतो. आमच्या गावच्या ग्रुपवर एकजण पुस्तकांच्या पीडीएफ टाकतो, लोक खूश आहेत. वाचनालयाने तेच करावं, घरबसल्या संग्रह पोचेल.

सुरंगी
नाही, हे अजिबात नको. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट असतो. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत त्यांची पुस्तकं अशी वाटता येत नाहीत. मुखपृष्ठाचा फोटो आणि दोन ओळींची माहिती टाका, ते चालतं, आख्खं पुस्तक नाही. शिवाय पीडीएफ मिळाल्यावर वाचनालयाची पायरी कोण चढणार? तुम्ही सुट्टीत येता तेव्हा महिन्याभराची तात्पुरती वर्गणी ठेवा अशी मागणी करा, त्याचा आम्हाला उपयोग होईल.

आंबोळींचं काउंटरचं मात्र पटलं, तसंही परत आलेली पुस्तकं संध्याकाळपर्यंत तिथेच पडून असतात.

पडाव
तात्पुरत्या वर्गणीला माझाही पाठिंबा. पण ताई, माझा खरा मुद्दा अजून राहिलाय. फोटो, टेबल हे दुय्यम. पुस्तक खपतं ते तोंडाने. कोणी कादंबरी परत करायला आलं की "ही आवडली का, मग हे न्या" एवढं म्हणणारं माणूस काउंटरला हवं. बंदरावरच्या माणसाला मासेमारीचं पुस्तक दाखवलं असतं तर त्याने नेलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

सुरंगी
म्हणते की मी, ओळखीच्यांना. पण दोन हजारांच्या वर पुस्तकं आहेत, सगळी मी वाचलेली नाहीत, आणि न वाचलेलं पुस्तक मी कोणाच्या हातात देणार नाही. सभासदांनी लिहून द्यावं, काय वाचलं, कसं वाटलं, चार ओळी. पुस्तकात ती चिठ्ठी मी स्वतः लावीन.

बांगडो
चार ओळी लिवन दितलो कोण, ता आधी सांगा.

पडाव
मासेमारीचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. परत करताना पहिली चिठ्ठी मी देतो.