समृद्धीवर ११० च्या पुढे गाडी तरंगते : छोटी स्पोर्टी हॅचबॅक घेताना नेमके काय पाहावे?

सिन्नरकर :
नमस्कार. मी सिन्नरला राहतो आणि कामानिमित्त महिन्यातून दोनदा तरी समृद्धी महामार्गाने नागपूरला जाऊन येतो. एका बाजूचे अंतर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक भरते आणि कारसाठी १२० ची वेगमर्यादा असल्याने बहुतेक वेळ गाडी १०० ते ११५ च्या दरम्यान चालते. सध्या माझ्याकडे नऊ वर्षांची, जेमतेम नऊशे किलो वजनाची पेट्रोल हॅचबॅक आहे. गावात आणि नाशिकपर्यंत तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही. मात्र ११० ओलांडले की गाडी रस्त्यावर बसल्यासारखी वाटत नाही. स्टिअरिंगला सतत बारीक दुरुस्त्या द्याव्या लागतात, आणि मोठ्या कंटेनरला मागे टाकताना कधी आत ओढल्यासारखे तर कधी बाहेर ढकलल्यासारखे होते. मागच्या खेपेला पत्नीने वरचे हँडल जे धरले ते जालना येईपर्यंत सोडले नाही.

म्हणून गाडी बदलण्याचा विचार आहे. एसयूव्ही नको, चार मीटरच्या आतली आणि चालवायला मजा येईल अशी गाडी हवी. बजेट नऊ लाखांचे असल्याने वापरलेलीच घ्यावी लागेल. माझ्यासमोर तीन नावे आहेत : फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ह्युंदाई आय-२० एन लाइन आणि टाटा अल्ट्रोझ रेसर. जास्त वेगात यांपैकी कोणती गाडी अधिक स्थिर राहते, आणि वापरलेली गाडी निवडताना स्थिरतेच्या दृष्टीने काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

चाकणची पोलो :
माझ्याकडे २०१६ ची पोलो जीटी टीएसआय आहे, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असणार, हे आधीच मान्य करतो. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ एनएम टॉर्क (ओढ) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडीचे वजन अकराशे किलोच्या आसपास आहे. ताशी १०० वर ती शांत असते, ११५ वरही तिच्या वागण्यात फरक जाणवत नाही आणि स्टिअरिंग मधोमध स्थिर राहते. दार लावताना येणाऱ्या आवाजावरून लोक या गाडीच्या मजबुतीचे कौतुक करतात, पण दाराच्या आवाजाचा रस्त्यावरच्या स्थिरतेशी काही संबंध नाही. फरक पडतो तो सस्पेन्शनच्या जुळणीमुळे आणि वजनामुळे.

मात्र घेताना दोन गोष्टींचा विचार करावा. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले, म्हणजे सर्वांत नवी गाडीसुद्धा आता जुनीच आहे. दुसरे असे की, माझ्या गाडीतील डीएसजी हा कोरड्या क्लचचा आहे आणि शहरातील रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो. त्याचे मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारा भाग) हा या गिअरबॉक्सचा सर्वश्रुत कच्चा दुवा आहे आणि त्याचा खर्च हलका नाही. २०२० नंतरच्या १.० टीएसआय इंजिनाला, म्हणजे ११० पीएसच्या आवृत्तीला, सहा गिअरचा मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) ऑटोमॅटिक मिळतो. आज मी स्वतः घेतली असती तर तीच घेतली असती.

ईएसपी (घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा) सर्व पोलोंमध्ये नव्हते. जीटीमध्ये आहे, पण खालच्या आवृत्तीला केवळ जीटीचा बिल्ला चिकटवलेल्या गाड्याही बाजारात फिरतात. इग्निशन चालू केल्यावर डॅशबोर्डवर ईएसपीचा दिवा लागून विझतो की नाही, हे स्वतः पाहा.

तेरा नंबरचा पाना :
गेली अनेक वर्षे व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) आणि सस्पेन्शन हेच माझे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो. तुम्ही तीन मॉडेलांची तुलना करत आहात. माझ्या मते आधी तीन वेगळे प्रश्न सोडवायला हवेत, कारण ‘तरंगणे’ या एका शब्दात ते तिन्ही मिसळले आहेत.

पहिला प्रश्न हवेचा. गाडीवर हवेचे जे बल येते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ८० वरून १२० वर गेल्यास वेग दीडपट होतो, पण हवेचे बल सव्वादोन पट होते. बहुतेक हॅचबॅकचा आकार असा असतो की वरून वाहणारी हवा गाडीला थोडे उचलते आणि चाकांवरचा भार तेवढा कमी होतो. बाजूने वारा आल्यास त्याचा दाब सहसा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे बसतो, त्यामुळे गाडीचे नाक वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला वळू पाहते. कंटेनरच्या पुढे दाबलेली हवा असते व बाजूला कमी दाब असतो. तुम्ही वर्णन केलेले ढकलणे आणि ओढणे ते हेच. यावर कोणत्याही छोट्या गाडीचा पूर्ण उपाय नाही. जड गाडीला आणि लांब व्हीलबेसच्या (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराच्या) गाडीला त्याचा त्रास कमी होतो, एवढेच. आय-२० चा व्हीलबेस २,५८० मिलिमीटर आहे आणि पोलोचा सुमारे २,४७०. हा अकरा सेंटिमीटरचा फरक सरळ रस्त्यावर निश्चित जाणवतो. अल्ट्रोझ २,५०१ वर, म्हणजे मध्ये बसते.

दुसरा प्रश्न चाकांच्या कोनांचा, आणि तुमच्या तक्रारीचा मोठा भाग इथेच असावा असा माझा अंदाज आहे. पुढची चाके बाहेरच्या बाजूला किंचित उघडलेली असली, म्हणजे टो-आउट झाला असला, तर गाडी सरळ जायला नकार देते आणि सतत इकडेतिकडे शोधत राहते. लोअर आर्मचे (चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, मऊ पडले असतील तर उभ्या गाडीचे अलाइनमेंट कागदावर उत्तम दिसते, पण ब्रेक दाबला किंवा वेग वाढला की चाक स्वतःचा कोन बदलते. अनेक ठिकाणी बुश न तपासता नुसते टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला जोडणारे दांडे) फिरवून कागद हातात दिला जातो. आधी गाडी रॅम्पवर घेऊन, चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून, पहारीने बुश दाबून पाहायला सांगा. पहारीच्या जोरावर बुशचे रबर फाटून उघडताना दिसले, तर अलाइनमेंटचे पैसे तूर्त वाचवा, आधी बुश बदला.

तिसरा प्रश्न टायरचा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. उदाहरणार्थ ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचे रबर कडक झालेले असते. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात तासन्‌तास १०० च्या वर गाडी चालते तेव्हा कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात वाकतो, आतून तापतो आणि शेवटी फुटतो. लोकांना वाटते की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी. महामार्गावर हे नेमके उलट आणि धोकादायक आहे. दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरावा, आणि गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्यावा. टायरवरील वेगाचे अक्षरही पाहावे : ‘टी’ म्हणजे १९० पर्यंत, ‘एच’ म्हणजे २१० पर्यंत. मूळ टायरपेक्षा खालचे अक्षर कधीही घेऊ नये.

आता वापरलेल्या गाडीबद्दल. तुमच्या यादीतील तिन्ही गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध टॉर्शन बीम अॅक्सल आहे, म्हणजे मागच्या चाकांचा टो (चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) कारखान्यातच ठरतो आणि नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये तो बदलता येत नाही. हीच गोष्ट ग्राहकाच्या फायद्याची ठरते. सौदा ठरवण्यापूर्वी गाडी संगणकीय फोर-व्हील अलाइनमेंटला लावा आणि छापील कागद मागा. मागच्या डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे एकमेकांपासून बरेच वेगळे असतील, तर अॅक्सल वाकला आहे किंवा बॉडीला मार बसला आहे असे समजावे. रंग नवा करता येतो, बंपर बदलता येतो, पण त्या कागदावरचे मागचे आकडे सहसा खोटे बोलत नाहीत. काही शे रुपयांत एवढी माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

एक गैरसमजही दूर करतो. जड स्टिअरिंग म्हणजे स्थिर गाडी नव्हे. इलेक्ट्रिक स्टिअरिंगचा जडपणा सॉफ्टवेअरने ठरवता येतो. एन लाइनचे स्टिअरिंग साध्या आय-२० पेक्षा जड आणि सस्पेन्शन कडक आहे. त्यातील सस्पेन्शनचा फरक खरा आहे, स्टिअरिंगचा बराचसा तुमच्या मनगटाला मिळणारा दिलासा आहे.

वर्ध्याचा वाटसरू :
मी थोडा विरोधी सूर लावतो. वेगमर्यादा १२० असताना १२० पीएस कशासाठी हवेत, हा प्रश्न स्वतःला विचारावा. टर्बोचा खरा उपयोग ८० वरून १०० वर झटकन जाऊन ओव्हरटेक संपवण्यात आहे, आणि तेवढ्यासाठी तिन्ही गाड्या पुरेशा आहेत. मी थांबण्याचा हिशेब आधी करतो. चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर, ८० च्या वेगातून ब्रेक लावल्यावर गाडीला साधारण ३० मीटर लागतात आणि १२० च्या वेगातून ७० मीटर. त्याआधी पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर १२० वर आणखी ३३ मीटर संपलेले असतात. वर्धा जिल्ह्यात रात्री हेडलाइटच्या उजेडात अचानक रानडुक्कर दिसते तेव्हा गाडीचे पीएस आठवत नाहीत. एन लाइनला चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, हा माझ्या दृष्टीने तिचा मोठा गुण. बजेट कमी करायचे असेल तर २०१७ ते २०२० दरम्यानची बलेनो आरएस पाहा. तिलाही चारही डिस्क होते, पण ती हलकी आहे आणि तुमची तक्रार हलकेपणाचीच असल्याने मी आग्रह धरणार नाही.

चाकणची पोलो :
ब्रेकचा मुद्दा मान्य. कागदपत्रांबद्दल एक राहून गेले. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसीचा (ना हरकत प्रमाणपत्राचा) फॉर्म २८, हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ एवढे हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. विमाही चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या. मालकाने इंजिनाचे रीमॅपिंग (जास्त ताकदीसाठी सॉफ्टवेअर बदलणे) केले आहे का, हे थेट विचारा. या टर्बो गाड्यांमध्ये ती हौस बऱ्याच जणांना असते, आणि त्याचा भार क्लच व गिअरबॉक्सवर पडलेला असतो. एक इंच मोठी अलॉय चाके बसवलेली असतील तर मूळ चाके सोबत मागून घ्या.

सिन्नरकर :
सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत जे केले ते लिहितो.

प्रथम जुनीच गाडी रॅम्पवर घेतली. मागच्या दोन्ही टायरची तारीख ‘१११७’ निघाली, म्हणजे गाडीसोबत आलेलेच टायर होते. नक्षी चांगली दिसत असल्याने माझे कधी लक्षच गेले नव्हते. हवा ३३ ऐवजी २६ पीएसआय होती. डावीकडच्या लोअर आर्मचा बुश फाटलेला होता आणि पुढे टो-आउट होता. बुश, दोन टायर आणि अलाइनमेंट करून परवा नागपूरला जाऊन आलो. सरळ रस्त्यावर ११० पर्यंत गाडी आता स्टिअरिंगला त्रास देत नाही. कंटेनरजवळचा धक्का मात्र तसाच आहे. तो हवेचा आहे हे आता समजल्याने मी त्यांच्यापासून शक्य तेवढे अंतर ठेवून जातो.

गाड्या दोन पाहिल्या. नाशिकमधील एक पोलो दिसायला अप्रतिम होती. मालकाने “एकदाही कुठे घासली नाही” असे दोनदा सांगितले, पण छापील कागदावर मागचे डावे चाक २२ मिनिटे (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आत आणि उजवे १० मिनिटे बाहेर वळलेले होते. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि चहा घेऊन निघालो. दुसरी २०२३ अखेरची, क्लच पेडल असलेली सहा गिअरची एन लाइन. तिचे मागचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, ब्रेकच्या डिस्कवर झिजेची कड आलेली नाही, सर्व्हिसची नोंद सलग आहे. अडचण एवढीच की पुढचे दोन टायर एका कंपनीचे आणि मागचे दोन दुसऱ्या कंपनीचे, तेही झिजलेले. मालक दोन टायरचे पैसे कमी करायला तयार आहे. अल्ट्रोझ रेसर आमच्या भागात वापरलेली मिळालीच नाही.

तेरा नंबरचा पाना :
एन लाइन घ्या, पण टायर चारही एकसारखे बसवा आणि त्या हिशेबाने किंमत पाडून मागा. मालक दोनवरच अडून बसला तर नवे दोन मागे लावा, पुढे नाही. बहुतेक दुकानदार ‘गाडी पुढच्या चाकांवर चालते’ म्हणून नवे टायर पुढे लावतात. पण पावसात पुढचे टायर घसरले तर गाडी फक्त सरळ पुढे सरकते आणि वेग कमी केल्यावर पुन्हा हातात येते. मागचे घसरले तर ती स्वतःभोवती फिरते. टायर बदलल्यावर अलाइनमेंटचा कागद पुन्हा काढा आणि पहिल्या कागदाशी ताडून पाहा.