आधी घरात विचारलं

'जातीचा विषय काढला की भांडणच होतं, टाळलेला बरा' हे मत मला पटत नाही. माझा सहकारी सांगत होता, आजी ज्या वाड्यावर कामाला जायची तिथे तिला कान तुटलेल्या कपात चहा मिळे. कप गोठ्यातल्या कोनाड्यात, विसळायचाही तिनेच. मी पटकन म्हणालो, "आमच्याकडे असलं नव्हतं." तो गप्पच झाला. रात्री आईला फोन केला. "होता की, पडवीत वळचणीला!" दुसऱ्या दिवशी त्याला ते जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. महाडला १९२७ साली मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही त्याच्याकडूनच कळलं. आता तोच विचारतो, "आई अजून काय म्हणाल्या?"