शिवडीतल्या साध्या माणसांचं काय?

मुंबईतल्या शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीचा विषय निघाला की चर्चा स्टीव्हन्स (व्हीटीचे वास्तुविशारद, मृत्यू १९००) आणि विटेट (गेटवेवाले, मृत्यू १९२६) यांच्या कबरींभोवतीच फिरते. खरं तर मरीन लाइन्सजवळच्या सोनापूरच्या जुन्या दफनभूमीची जागा अपुरी पडायला लागल्यावर, १८६५च्या सुमारास म्युनिसिपल कमिशनर क्रॉफर्डसाहेबाच्या काळात ही जमीन घेतली, ती काही वास्तुविशारदांसाठी नव्हे. इथे बहुसंख्य आहेत ते फिटर, खलाशी, शिपाई, परिचारिका आणि लहान मुलं. मुलं तर फारच.

त्यांची गोष्ट दगडावर क्वचित मिळते. मुंबईत जागेची मारामार मेल्यावरही सुटत नाही. साध्या कबरी काही काळाने पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जातात आणि जागा पुढच्याला मिळते. संगमरवर परवडला तोच नावानिशी टिकला.

पण ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश सरकारची कागदांची हौस इथे कामी येते. चर्चमधल्या दफननोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबई इलाख्याचा विभाग ‘एन/३’. एकेका ओळीत मृत्यूची आणि दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण आणि विधी करणाऱ्या पाद्र्याची सही. एखाद्या पावसाळ्याचं पान उघडा, कारणाच्या रकान्यात पटकी, ताप, हगवण हेच खाली खाली येत राहतं. मात्र ही नोंद मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांची. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांचा माग काढायचा तर त्या त्या चर्चची जुनी रजिस्टरंच चाळावी लागतील, तीही वाळवीने शिल्लक ठेवली असतील तर.