भावाला दुसऱ्या कारागृहात वर्ग केलं, केसची कागदं मागेच राहिली. काय करावं?

उद्यमनगरची:
नमस्कार. माझा धाकटा भाऊ शिक्षाबंदी आहे. शिक्षा कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात लागली, अपील हायकोर्टाच्या इथल्याच सर्किट बेंचला दाखल आहे. गेल्या महिन्यात त्याला दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग केलं. कुठून कुठं ते लिहीत नाही, त्याला अजून आतच राहायचंय. संध्याकाळी अचानक नाव पुकारलं, पोलीस पार्टी गेटवर उभी. अंथरूण आणि कपड्याचं एक बोचकं, एवढंच घेऊ दिलं. दुसरी पिशवी "मागून येईल" म्हणाले. ती काही आली नाही.

त्यात दोषारोपपत्राची झेरॉक्स, निकालाची प्रत, साक्षीदारांच्या जबान्या आणि एक दोनशेपानी वही. खरा जीव त्या वहीत आहे. साक्षीदार पोलिसांपुढं काय बोलला आणि कोर्टात काय बोलला, हे त्यानं पान नंबर टाकून लिहून ठेवलंय. बारावी नापास आहे, पण दुसरा पंच उलटतपासणीत नेमका कुठं घसरला ते त्याच्याइतकं आमच्या वकिलांनाही सांगता येत नाही.

नव्या ठिकाणी विचारलं तर म्हणतात, दाखल होताना जेवढं होतं तेवढं नोंदवलंय. जुन्या ठिकाणी फोन केला तर उलट मलाच प्रश्न, बंदी इथं नाही तर सामान कसं असेल? मी फाउंड्रीच्या ऑफिसात बिलं करते. आमच्याकडं साधं कास्टिंग गेटबाहेर गेलं तरी चलन फाटतं, दोन्हीकडच्या सह्या होतात. माणसाच्या अपिलाच्या कागदांना असलं काहीच नाही का? आता धरायचं कुणाला?

आत राहून आलेला:
ताई, पिशवी फेकली नसंल. कोण हलला की त्याचं राहिलेलं सामान शेजारचा बंदी उचलून ठेवतोय, न्हाईतर वॉचमन ऑफिसात जमा करतोय. त्या बराकीतला कोण सुटून आलाय का बघा, त्याला नीट म्हाईत असतंय.

आणि हे पुढच्या टायमासाठी. कागदं अंथरुणात गुंडाळायची न्हाईत. झडतीत अंथरूण उलगडलं की सगळी सुट्टी होत्यात. पातळ कापडी पिशवी, गळ्यात अडकवायची, वर मोठ्या अक्षरात 'कोर्टाचे कागद', नाव, बंदी नंबर, केस नंबर. स्टेपलर नको, स्टीलची क्लिप तर नकोच. पिना काढायला लावत्यात आणि मग पानं इस्कटत्यात. घरनंच सुईदोऱ्यानं शिवून द्या. गाडीत चढताना पार्टीच्या हवालदाराला तोंडानं सांगायचं, साहेब, अपिलाची कागदं हाईत. तिथं लाजायचं न्हाई.

बावड्याचा कारकून:
मी वकील नाही, वकिलांचा कारकून आहे. निम्मं आयुष्य कोर्टाच्या नक्कल विभागाच्या खिडकीपाशी गेलं, म्हणून आधी नकलेचंच सांगतो.

ज्या कागदांची मूळ प्रत कोर्टाच्या दप्तरात आहे, त्यांच्यासाठी पिशवीमागे धावू नका. निकालाची प्रत तर शिक्षा झालेल्याला फुकट द्यायचीच असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 363 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 404. ती त्याला एकदा मिळालीय. जबान्यांबरोबर तिचीही नक्कल मागा. मात्र अपिलासाठी रेकॉर्ड वर गेलं असेल तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात अर्ज टाकून काही होणार नाही, शेरा मारून परत येईल. मग बेंचलाच मागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून बेंचचं काम सीपीआर हॉस्पिटलजवळच्या जुन्या कोर्टात चालतंय. आधी एका कागदासाठी मुंबई गाठायला लागायची, आता रिक्षानं जाता येतं.

वहीची नक्कल कुठंच नाही. सगळा जोर तिच्यावर लावा. जुन्या कारागृहाच्या अधीक्षकांना लेखी अर्ज, प्रत नव्या अधीक्षकांना. 'पिशवी हरवली' एवढंच लिहू नका. पिशवीचा रंग, वहीचं कव्हर, आत काय काय, सगळं लिहा आणि निघताना केलेल्या सामानाच्या नोंदीची प्रत मागा. बंद्याकडून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची नोंद ठेवायला 1894 च्या कारागृह कायद्यानं कलम 12 मध्येच सांगितलंय. गंमत बघा, त्याच कायद्याचं कलम 26 म्हणतं की हलवण्याआधी बंद्याला डॉक्टरनं तपासलंच पाहिजे. कागदांविषयी त्या कलमात अवाक्षर नाही!

म्हणून अर्जात होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1978, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल घाला. हायकोर्टानं निकालाची प्रत येरवड्याला पाठवली होती. बंदी म्हणाला, मला मिळाली नाही. कारागृहाचं म्हणणं, दिली होती, पण राज्यपालांकडच्या दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. आणि पोच म्हणून त्याची सही कुठंच नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं की कोर्टाकडून आलेली प्रत बंद्याला तातडीनं द्या आणि त्याची लेखी पोच घ्या. तुमच्या चलनाचाच मुद्दा आहे तो.

उद्यमनगरची:
काका, आभारी आहे. पण वही 'खासगी' आहे, कोर्टाचा कागद नव्हे, असं मला फोनवर ऐकवलं. त्याला काय उत्तर?

बावड्याचा कारकून:
फोनवरचं बोलणं धरू नका, तेच लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा तिथंच गाडी नरम येते.

आधार हवा तर 1965 चा सुप्रीम कोर्टाचा संझगिरी निकाल आहे. मुंबईत स्थानबद्ध असलेल्या माणसानं आत बसून अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकार हस्तलिखित बाहेर पाठवू देईना. कोर्टानं सांगितलं, नियमांत नसलेली बंधनं घालता येणार नाहीत. तो स्थानबद्ध आणि तुमचा भाऊ शिक्षाबंदी, तेव्हा तंतोतंत लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण आत लिहिलेलं सगळं सरकारजमा होत नाही, एवढं त्यातून दाखवता येतं. त्यापेक्षा भारी पडेल ते वकिलांच्या लेटरहेडवरचं पत्र, की ही वही म्हणजे पक्षकारानं अपिलासाठी मला दिलेली माहिती आहे.

विधी सेवा स्वयंसेवक, गडहिंग्लज:
एक भर घालते. अर्ज बहिणीचा गेला की 'तुमचा संबंध काय' इथंच अडतो. भावाच्या सहीचा अर्ज आतूनही जाऊ दे. तो आता ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार मोफत मदत मिळते, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आमच्यासारखे स्वयंसेवक आत जातात, अर्ज लिहून घेतात.

वही मिळेपर्यंत थांबू नका. जबान्यांच्या नकला आल्या की एक संच त्याला पाठवा. आठवतंय तोवर समासात खुणा करू दे, आणि लिहून झालेली पानं वकिलांच्या भेटीत बाहेर येऊ देत. सगळं एकाच ठिकाणी साठवायचं नाही.

उद्यमनगरची:
वकिलांशी बोलले. रेकॉर्ड बेंचला गेलंय, नकलेचा अर्ज तिथंच टाकणार. अधीक्षकांना पत्र सोमवारी निघतंय. काका, रजिस्टर पोस्टानं की हातानं?

बावड्याचा कारकून:
दोन्ही. हातानं दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेब जेवायला गेलेत' म्हणतील. बसा तिथंच.