द ट्रिप टू बाउंटिफुल: मुलगा चुकला की नाही?

तापीकाठ: १९८५ चा पिक्चर आहे, आपल्याकडे फार कुणी बघितलेला नाही म्हणून थोडक्यात सांगतो. ह्यूस्टनमधे दोन खोल्यांत मुलगा-सुनेजवळ राहणारी म्हातारी कॅरी वॉट्स पेन्शनचा चेक लपवते आणि गुपचूप बस पकडून आपल्या बाउंटिफुल गावाला निघते. गावात कुणीच उरलेलं नाही, शेवटची मैत्रीण पण नुकतीच वारली, घर पडायला आलंय. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, तिला तिथवर सोडतो, मागून मुलगा येऊन परत नेतो. कॅरीचं काम करणाऱ्या जेराल्डीन पेजला यासाठीच ऑस्कर मिळालं, तेही आठव्या नॉमिनेशनला. माझ्या मते चूक मुलाचीच. आई जीव तोडून म्हणतेय एकदा घेऊन चल, हा नेत नाही. स्वतःच्या घरी चोरून जायची वेळ का यावी तिच्यावर?

धरणगावची सून: बोलणं सोपं आहे दादा. तिला हृदयाचा त्रास, रात्र-रात्र झोप नाही, दोन खोल्यांत तीन माणसं. सगळे सुनेलाच नावं ठेवतात. गावाकडच्या घरात सासूबाई रात्री मोरीत पडल्या तर धावणार कोण?

केळीवाला रावेर: ताई तुमचं पटतं पण माझी माय सुरतला भावाजवळ असते, फ्लॅटमधे आपल्या खानदेशातल्या श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी म्हणायला लागली की हळू म्हण हळू म्हण, पिक्चरमधे सून भजन बंद करायला लावते तिथे मला मायच दिसली. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात ना, माय नातवांची नावं घेत घेत मूठ टाकायची, आता तिला गावी आणायचं म्हटलं की दरवर्षी पुढच्या श्रावणात बघू म्हणतात.

भुसावळ जंक्शन: शेवट नीट बघा. सून परत नियम ऐकवते तरी कॅरी वाद घालत नाही, शांतपणे गाडीत बसते. तिला तिथे राहायचंच नव्हतं, घर डोळ्याने बघायचं होतं. मुलाने परत नेलं ते बरोबरच केलं.

तापीकाठ: परत नेण्याबद्दल तक्रारच नाही, आधी का नाही नेलं ते विचारतोय. नुसतं बघायचंच होतं तर मग अडचण कसली होती? रावेरवाले भाऊ, यंदा कानबाईला मायला आणाच. घराचं धाबं (मातीचं छत) गळत असेल तर चुलत्यांकडे उतरवा.

धरणगावची सून: आणा, पण गोळ्या कोण देणार ते आधी ठरवा. आणि वहिनीला सुट्टी मिळते का तेही विचारा, तिला न विचारताच सगळं ठरतं नेहमी.