डायमंड डिपेंडन्सी असेल तर डाउनस्ट्रीम बिल्डने थांबलंच पाहिजे

पर्वरीकर: परवा पणजीत डेव्हलपर मंडळी जमली होती. तिथे एकाने ठासून सांगितलं की अपस्ट्रीम (ज्यावर दुसरे अवलंबून असतात तो) बिल्ड, म्हणजे कोड जुळवून टेस्ट चालवणं, पास झाला की डाउनस्ट्रीम (त्यावर अवलंबून असलेला) लगेच ट्रिगर व्हावा, थांबायचं कशाला. मला हे मुळीच पटत नाही.

समजा, ‘कोअर’ लायब्ररीवर ‘बिलिंग’ आणि ‘स्टॉक’ अवलंबून आहेत आणि त्या दोघांवर ‘ॲप’. एकाच मुळाकडे अशा दोन वाटांनी जाणं म्हणजेच डायमंड डिपेंडन्सी. कोअरमधल्या एका मेथडला कुणीतरी पॅरामीटर वाढवला आणि बिलिंग, स्टॉकमधले कॉलही तसे बदलले. बिलिंग 4 मिनिटांत उरकतं, स्टॉकच्या टेस्ट 20 मिनिटं चालतात. बिलिंग संपताच ॲप सुटलं तर त्यात कोअर नवा, बिलिंग नवं, पण स्टॉक जुना. लगेच नोसचमेथडएरर, म्हणजे जुना स्टॉक शोधतो ती मेथड नव्या कोअरमध्ये सापडतच नाही! 16 मिनिटांनी स्टॉक संपतो, ॲपचा बिल्ड पुन्हा लागतो आणि कुणी काही न करता पास होतो. कोड कुणाचाच चुकलेला नव्हता, तरी फेल झाल्याचा मेल सगळ्या टीमला गेला. हे रोजचं झालं की ते मेल कुणी उघडत नाही, आणि खरा बिघाडही तसाच पडून राहतो.

जेन्किन्स या बिल्ड आपोआप चालवणाऱ्या टूलच्या फ्रीस्टाईल जॉबमध्ये (सेटिंग भरून केलेल्या साध्या कामात) अपस्ट्रीम चालू असेपर्यंत बिल्ड अडवून धरायची सोय आहे. ती थेट वरचाच जॉब नव्हे, त्याच्याही वरचे जॉब बघते. ती चालू करा.

वेर्णेकर: पर्वरीकरबाब, आणि कोअरवर दिवसभर कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) पडत राहिले तर? ॲपचा नंबर लागणार कधी? चवथीआधी रिलीज काढायची घाई असते तेव्हा नेमकं हेच होतं. दुखणं स्नॅपशॉटचं, म्हणजे एकाच नावाखाली सतत बदलत राहणाऱ्या आवृत्तीचं आहे. कोअरला पक्का व्हर्जन नंबर द्या, ज्याला नवा हवा त्याने मर्ज रिक्वेस्ट (बदल मेन ब्रँचमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये, घेण्याची विनंती) काढून घ्यावा. मग शेड्यूलिंगचा प्रश्नच उरत नाही.

पर्वरीकर: उरतो. बिलिंगने कोअर 2.5 घेतला, स्टॉक 2.4 वरच राहिला, तर ॲपमध्ये दोन्ही येतात आणि मेव्हन हे बिल्ड टूल त्यातला झाडात जवळचा, अंतर सारखं असेल तर आधी लिहिलेला, एकच उचलतं. एरर तीच.

वेर्णेकर: तीच, पण मर्ज रिक्वेस्टमध्ये. मेन ब्रँच फुटत नाही, आणि ज्याने व्हर्जन बदलला त्यालाच ती दिसते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

फोंडेकर: दोघेही जॉबच्या पातळीवर भांडताय. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे बिल्ड टूल लिहिलं, तेव्हापासून रीत ठरलेली आहे: आधी कोण कुणावर अवलंबून याचा पूर्ण ग्राफ बघायचा, मग क्रम लावायचा. चार वेगळ्या रेपॉझिटरींत (कोडच्या साठ्यांत) चार जॉब ठेवले की प्रत्येकाला फक्त शेजारी दिसतो. सगळं एका रेपॉझिटरीत आणा, बॅझेल हे बिल्ड टूल लावा. बदललं तेवढंच बिल्ड होईल, तेही एकाच कमिटवर.

पर्वरीकर: फोंडेकर, लहान टीमला ते स्थलांतर झेपत नाही. वेर्णेकरांचा कमिटचा मुद्दा मात्र रास्त आहे, कारण जेन्किन्स फक्त थांबतो, आवृत्त्या जुळवत नाही. जेन्किन्ससारख्याच गोसीडी या टूलचं फॅन-इन (अनेक वाटा एकत्र आणण्याची सोय) जुळवतं: बिलिंग आणि स्टॉक कोअरच्या एकाच रिव्हिजनवर (एकाच कमिटवर) पास झाले की ॲप त्या संचावर लागतं, वर नवा कमिट आलेला असला तरी. मला हवं आहे ते हेच.

वेर्णेकर: हे मान्य. पण स्टॉक त्या रिव्हिजनवर पासच झाला नाही, तर बिलिंगची तातडीची दुरुस्ती ॲपपर्यंत पोचणार कशी? माझ्या पद्धतीत ती त्याच दिवशी जाते.

पर्वरीकर: त्या दुरुस्तीसाठी वेगळी ब्रँच काढा, जुन्या कोअरवर. तुटलेला स्टॉक घेऊन ॲप पुढे ढकलायला माझा विरोध कायम आहे.